भुयारातून माजघराकडे

वाचकाची उत्कंठा ताणून धरणे ही हलक्या वाङ्मयाची युक्ती होय, अशी समजूत आपल्या शिष्ट वर्गात फार जुनी आहे. मराठी कादंबरीला ज्यांनी प्रौढत्व आणले त्या हरि नारायण आपटे यांच्या चरित्राने या समजुतीला धक्का बसतो.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. डेक्कन व फर्ग्युसन अशी दोन महाविद्यालये पाहूनही पदवी मिळाली नाही. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापलेल्या आनंदाश्रमाचा कारभार त्यांनी पुढे सांभाळला. संस्कृत पोथ्यांच्या सान्निध्यात वावरणाऱ्या या गृहस्थाने कथारचनेचे पहिले धडे मात्र रेनॉल्ड्स या लोकप्रिय, रहस्यप्रिय इंग्रज लेखकापासून घेतले. १८८५ ची ‘मधली स्थिती’ त्याच्याच कादंबरीच्या आधाराने उभी राहिली.

१८९० साली त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. साप्ताहिकाचे अर्थकारण सरळ असते: पुढचा अंक वाचकाला हवासा वाटला तरच ते जगते. क्रमशः लेखनाचा हा जाच हरिभाऊंनी साधनेसारखा वापरला. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीत भुयार नाही, खून नाही, वेषांतर नाही. आहे ते ब्राह्मणी घराचे माजघर. यमू स्वतः आपली कहाणी सांगते. वडीलधाऱ्यांच्या बोलण्याचा रोख बालवयात तिला उमगत नाही, वाचकाला उमगतो, आणि तेथेच धास्ती सुरू होते. मैत्रीण दुर्गीचे हाल आधीच दिसल्यामुळे मुंबईतील यमूच्या सुखी संसाराकडेही वाचक निर्धास्तपणे पाहू शकत नाही. पती रघुनाथराव निवर्तल्यावर तिला पुण्यास परतावे लागते. शंकरमामंजींच्या हालचालींतून येऊ घातलेले केशवपन वाचकाला दिसू लागते, आणि एखाद्या भयकथेतील पिशाच्चाहून ते अधिक भेडसावते. येथे भीती कल्पित नव्हती; ज्या घरांत हे अंक वाचले जात, त्यांतील कित्येकींच्या मस्तकावरून तो वस्तरा फिरलेला होता. विधवांच्या स्थितीवर तेव्हा व्याख्याने व निबंध विपुल होत. पण पुढे काय होणार म्हणून जीव टांगणीला लावण्याचे काम निबंधाला जमत नाही.

‘उषःकाल’मध्ये मात्र भुयारे, गुप्त खलबते, गूढ व्यक्ती यांचा सुकाळ आहे, काही ठिकाणी तो अतिरेकच म्हणावा लागेल. ‘गड आला पण सिंह गेला’ची गोष्ट निराळी. शेवट शीर्षकातच सांगून टाकला आहे. काय होणार हा प्रश्न मिटतो. कसे होणार, यासाठी वाचक पाने उलटतो. ‘वज्राघात’मध्येही १५६५ मधील विजयनगरचा नाश इतिहासाने आधीच ठरवलेला आहे.

साप्ताहिकाच्या घाईचे मोलही त्यांना द्यावे लागले. पाल्हाळ वाढला, योगायोग फार झाले, काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘करमणूक’ १९१७ साली बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ निवर्तले, तेव्हा ‘गणपतराव’ या कादंबरीचा शेवट लिहायचा राहिलेलाच होता.