हसवून मिळवले, देऊन टाकले

आर. के. पुरममध्ये आपण ड्युटी संपवून तालमीला जमणारी हौशी मंडळी. मदतनिधीसाठी विनोदी प्रयोग करायचा म्हटले की मला पु. ल. देशपांडे आठवतात.

८ नोव्हेंबर १९१९ ला मुंबईत जन्म, वाढले पार्ल्यात. शिक्षकी, प्राध्यापकी, सिनेमा, आकाशवाणी असे सगळे करून झाले. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले तेव्हाच्या मंडळींत ते होते. म्हणजे काही काळ आपल्यासारखेच दिल्लीकर!

'बटाट्याची चाळ' पुस्तक आले १९५८ ला. पुढे त्याचा एकपात्री प्रयोग झाला. एकच माणूस, आवाज आणि हावभाव बदलत अख्खी चाळ उभी करायचा. आम्हा इंजिनिअरांच्या भाषेत सांगायचे तर एकाच इंजिनाने सगळी गाडी ओढली. 'वाऱ्यावरची वरात'मध्ये मात्र सोबत मोठा संच होता. हाऊसफुल्ल चालू असतानाच त्यांनी हे प्रयोग थांबवले. हे मला फार मोठे वाटते. चालती गाडी कोण थांबवतो?

पैशाचा हिशेब सुनीताबाईंकडे, आणि तो कडक. १२ जून १९४६ ला दोघांचे लग्न झाले होते. प्रयोगांतून, पुस्तकांतून मिळालेले पैसे पु. ल. देशपांडे फाउंडेशनमार्फत संस्थांना गेले, बहुतेक वेळा गाजावाजा न करता. १९८६ साली पुण्यात व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' सुरू झाले, त्यामागेही हीच मदत होती. तिथून बरे होऊन घरी गेलेल्यांपैकी कितीजणांनी 'चाळ' पाहिली असेल?

१२ जून २००० ला, लग्नाच्या वाढदिवशीच, पु. ल. पुण्यात गेले.