झोपेची किल्ली कुणाच्या हातात?

हिप्नॉटिझम म्हटलं की आपल्याला आठवतं ते डोळ्यांसमोर डोलणारं घड्याळ आणि स्टेजवरचा जादूगार. पण यात जादू बिदू काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं, हे दोनशे वर्षांपूर्वी भर पॅरिसमध्ये सांगणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा होता. आबे फारिया. ही त्याची गोष्ट.

गोव्याला गेलात की पणजीत मांडवीच्या काठाने एक चक्कर होतेच. तिथे जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला माणूस, दोन्ही हात पुढे पसरलेले आणि त्याच्यासमोर मागे कलंडत चाललेली एक बाई. बरेच जण हा काहीतरी भुताटकीचा मामला दिसतोय असं म्हणतात, एक सेल्फी काढतात आणि पुढे सटकतात. पुढच्या वेळी जरा थांबा. कारण परीक्षेच्या आदल्या रात्री तुमची जी झोप उडते, व्हायव्हात समोर सर दिसले की जी जीभ टाळ्याला चिकटते, त्या सगळ्याशी या माणसाचा फार जवळचा संबंध आहे.

घर मोडलं, पोरगा जहाजावर चढला

जुझे कुस्तोदियो द फारियाचा जन्म 1756 च्या मे महिन्यातला, बारदेशातल्या कांदोळी गावचा. वडील कायतान व्हितोरिन कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. आईवडिलांचं पटलं नाही. त्या काळात, त्या समाजात लग्न मोडणं ही सोपी गोष्ट नव्हती. दोघांनी चर्चची परवानगी घेतली आणि वेगळे झाले. वडील पाद्री व्हायला निघाले, आई ओल्ड गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. पोरगा वडिलांबरोबर राहिला.

1771 मध्ये बापलेक जहाजाने लिस्बनला पोचले. मुलाचं वय पंधरा. म्हणजे आपण दहावीला असतो तेव्हा हा आईला, गावाला, भाषेला मागे टाकून अर्ध्या जगापलीकडे गेला होता. तिथून पोर्तुगालच्या राजाच्या मदतीने दोघं रोमला गेले. पोराने तिथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला, 1780 मध्ये तो पाद्री झाला, डॉक्टरेटही मिळवली. गोव्याच्या खेड्यातल्या पोराने रोममध्ये हे सगळं मिळवणं म्हणजे काय, याचा अंदाज तुम्ही करू शकता. रंगावरून, गावावरून माणसाची किंमत ठरवण्याचे ते दिवस होते.

व्यासपीठावर चढला आणि बोबडी वळली

आता ती प्रसिद्ध गोष्ट. गोव्यात लहान पोरांनाही ती माहीत असते.

फारिया लिस्बनला परत आला तेव्हा त्याला राजघराण्यासमोर प्रवचन द्यायला बोलावलं. समोर राणी, सरदार, बडे धर्मगुरू, सगळा नटूनथटून आलेला दरबार. हा व्यासपीठावर चढला, समोर बघितलं आणि डोकं कोरं झालं. शब्दच फुटेना. पाठांतर, पदवी, रोमची वर्षं, सगळं एका क्षणात गायब. तुम्ही कधी प्रेझेंटेशनला उभे राहिला असाल तर हे वेगळं सांगायला नको.

वडील जवळच होते. ते हळूच कोंकणीत पुटपुटले. समोर बसलीय ती सगळी भाजी आहे असं समज आणि काप सरळ, अशा अर्थाचं काहीतरी. पोराच्या घशातला आवंढा सुटला आणि तो धडाधड बोलायला लागला.

ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जाते, हे खरं. पण ती गोव्याने इतकी जपली त्याला कारण आहे. दरबार तोच होता, राणी तीच होती, बाहेरचं काहीच बदललं नव्हतं. बदललं ते फक्त एका वाक्याने त्याच्या मनात उभं राहिलेलं चित्र. आणि तेवढ्याने शरीर वेगळं वागलं. घसा, श्वास, जीभ, सगळं. एक साधा शब्द माणसाच्या शरीरावर एवढी सत्ता गाजवतो, तो कसा? पुढचं सगळं आयुष्य हा माणूस याच प्रश्नाच्या मागे होता, असं म्हटलं तरी चालेल.

बंड, पॅरिस आणि एक नवं वेड

1787 मध्ये कांदोळीतच पोर्तुगीज सत्तेविरुद्ध एक कट उघडकीला आला. पिंटोंचं बंड म्हणून तो ओळखला जातो. गोव्याच्या पाद्र्यांना वरच्या जागा नाकारल्या जात, त्याचा राग त्यामागे होता. कट फसला, धरपकड झाली, अनेकांना देहदंड झाला. संशयाची सुई लिस्बनमध्ये बसलेल्या फारिया बापलेकांकडेही वळली. 1788 मध्ये मुलगा पॅरिसला निघून गेला.

वर्षभरात तिथे फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. आपला कांदोळीचा पाद्री गप्प बसणाऱ्यातला नव्हताच. 1795 मध्ये सरकारविरुद्ध जो उठाव झाला, त्यात एका तुकडीच्या पुढे तो होता. हा उठाव मोडून काढणाऱ्यांत एक तरुण अधिकारी होता, त्याचं नाव नेपोलियन.

पण पॅरिसमध्ये क्रांतीच्या आधीपासून आणखी एक वेड होतं. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर सांगायचा की विश्वात एक अदृश्य द्रव भरून राहिलाय, तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो. मग तो लाकडी पिंपाभोवती लोकांना बसवायचा, पिंपातून निघालेल्या लोखंडी कांबी त्यांच्या दुखऱ्या जागी टेकवायचा. लोकांना झटके यायचे, काही जण किंचाळायचे आणि नंतर काहींना खरंच बरंही वाटायचं.

1784 मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात होते बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रात आपण ज्याचं नाव घोकतो तो लाव्हाझिए. त्यांनी एक झकास प्रयोग केला. बागेतल्या एका झाडात हा द्रव भरला, म्हणजे तसं मेस्मरच्या सहकाऱ्याने सांगितलं. मग एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेलं. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी! समितीने निकाल दिला की असा द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा खेळ आहे. फाइल बंद.

इथेच गंमत आहे. समितीने कल्पना असा शिक्का मारून विषय संपवला. आणि नेमकं तिथूनच फारियाने विषय सुरू केला. नुसत्या कल्पनेने माणूस बेशुद्ध पडतो, वेदना विसरतो, तर मग ती कल्पनाच काय चीज आहे ते बघायला नको का?

खुर्चीत बस, डोळे मीट

फारिया हे तंत्र शिकला तो मेस्मरचा शिष्य मार्की द प्युसेगूर याच्याकडून. 1811 मध्ये त्याला मार्सेय शहरात तत्त्वज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, नंतर नीम गावात. 1813 मध्ये तो पॅरिसला परतला आणि क्लिशी रस्त्यावरच्या एका घरात त्याने जाहीर वर्ग सुरू केले. दर गुरुवारी. तिकीट पाच फ्रँक. सावळ्या रंगाचा, उंच, फ्रेंच जरा अडखळत बोलणारा हा पाद्री बघायला पॅरिसची बडी मंडळी गर्दी करायची.

त्याची पद्धत अगदी साधी होती. पिंप नाही, कांबी नाही, हातवारे नाहीत. माणसाला आरामशीर खुर्चीत बसवायचं. डोळे मिटून शांत व्हायला सांगायचं, झोपेचाच विचार करायला सांगायचं. तो पुरता सैल झाला की ठाम आवाजात झोपण्याचा हुकूम द्यायचा. काही जण लगेच त्या वेगळ्या अवस्थेत जात, काहींना दोनतीनदा सांगावं लागे, आणि बऱ्याच जणांवर काहीच परिणाम होत नसे. त्या अवस्थेला त्याने नाव दिलं होतं, जागृत भान असलेली झोप.

पण सगळ्यात धाडसाचं होतं ते त्याचं सांगणं. माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही, असं तो समोरच्यांना सांगायचा. माझ्यातून द्रव वाहत नाही, माझी इच्छाशक्ती तुमच्यावर चालत नाही. जे होतंय ते तुमच्या एकाग्रतेने, तुमच्या विश्वासाने. विचार करा, पाच फ्रँक घेऊन माणूस स्टेजवर उभा आहे, लोक चमत्कार बघायला आलेत आणि हा म्हणतोय चमत्कार माझा नाहीच. आजच्या भाषेत सांगायचं तर गुरू स्वतःच स्वतःचं मार्केट पाडत होता.

त्याचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. काहींना पटकन झोप लागते आणि काहींना लागत नाही, याचं कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधलं. ते साफ चुकलं. पण किल्ली झोपणाऱ्याच्या हातात असते, हे मूळ सूत्र त्याला सापडलं होतं.

हसं झालं

त्याची किंमत त्याने मोजली. द्रव मानणारे मेस्मरपंथी त्याच्यावर चिडले, कारण त्याने त्यांचा द्रवच काढून घेतला होता. चर्चमधल्यांना यात सैतानाचा हात दिसला. एका नटाने वर्गात झोपेचं सोंग घेतलं आणि मध्येच डोळे उघडून त्याची फजिती केली. 1816 मध्ये पॅरिसच्या व्हारिएते थिएटरमध्ये या वेडाची टिंगल करणारं प्रहसन लागलं आणि अख्खं शहर आबेवर हसायला लागलं. आज रील व्हायरल होऊन एखाद्याची इज्जत जाते ना, तसंच. वर्ग बंद पडले.

फारियाने मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूची साधी नोकरी धरली. आणि तिथे बसून पुस्तक लिहिलं. या जागृत झोपेचं कारण काय, हाच त्याचा विषय. पहिला खंड 1819 मध्ये आला. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला पक्षाघाताने तो गेला. वय 63. पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये त्याला पुरलं. आज त्याची कबर नेमकी कुठली, ते दाखवता येत नाही.

गेल्यावर खरा ठरला

पुढे 1844 पासून अलेक्झांडर द्युमाची 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी छापून येऊ लागली. तिच्यातला तुरुंगातला म्हातारा, विद्वान आबे फारिया तुम्हाला आठवत असेल. नाव आपल्याच माणसाचं, पण द्युमाने त्याला इटालियन करून टाकलं. म्हणजे नाव अमर झालं आणि माणूस हरवला.

विज्ञान मात्र हळूहळू त्याच्या वाटेवर आलं. 1840 च्या दशकात जेम्स ब्रेड या डॉक्टरने हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. नंतर फ्रान्समधल्या नान्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम यांनी सूचनेच्या म्हणजे सजेशनच्या बळावर रुग्णांवर उपचार केले. हे बघायला 1889 मध्ये तरुण फ्रॉइड तिथे गेला होता. फारियाचं सूत्र या मंडळींनी उचलून धरलं. 1906 मध्ये गोव्याचेच डॉ. दालगाद यांनी त्याचं चरित्र फ्रेंचमध्ये लिहिलं. 1925 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनीही त्याच्यावर पुस्तक लिहिलं, हेच मोनिझ पुढे नोबेल विजेते झाले. आणि 1945 मध्ये शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा पणजीत उभा राहिला.

मग आपलं काय?

आज हिप्नोथेरपी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ वापरतात. वेदना, चिंता, आतड्यांच्या काही तक्रारी अशा ठिकाणी तिचा उपयोग होतो. ती काय नाही हेही माहीत असू द्या. तिच्यात कुणी तुमच्या मनाचा ताबा घेत नाही. विसरलेल्या आठवणी ती जशाच्या तशा बाहेर काढून देत नाही, उलट खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. एका सेशनमध्ये टॉपर करतो, मागचा जन्म दाखवतो असं सांगून कुणी हजारो रुपये मागत असेल, तर फारियाला आठवा. ज्याला विषय कळला होता, त्याने शक्ती माझी नाही असं सांगितलं होतं.

आणि त्याच्या वर्गातली पहिली पायरी बघा. खुर्चीत बसणं, डोळे मिटणं, अंग सैल सोडणं, एकाच गोष्टीवर लक्ष आणणं. त्यानंतरचा हुकूम पुढची गोष्ट. आपलं घोडं पहिल्या पायरीवरच अडतं. लेक्चर, सबमिशन, क्लास, लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास, आणि रात्री अंथरुणात अंगठा स्क्रीनवर चालूच. दिवसभरात आपण स्वतःसोबत असे शांत किती मिनिटं बसतो? दहा तरी?

तर दहा मिनिटांपासून सुरू करा. ठरलेली वेळ, फोन दुसऱ्या खोलीत. हॉस्टेलवर असाल तर रूममेटला सांगून ठेवा. डोळे मिटा, श्वास बाहेर सोडताना थोडा लांबवा, खांदे, जबडा, हाताची बोटं एकेक करून सैल सोडा. मग ज्याची धास्ती वाटते तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा आणि स्वतःला एकच साधं, खरं वाटेल असं वाक्य सांगा. मी टॉप करणार, असलं काही नको. मला जेवढं येतं तेवढं मी शांतपणे सांगेन, एवढं पुष्कळ झालं. पहिल्या दिवशी मन माकडासारखं उड्या मारेल. मारू द्या. दुसऱ्या दिवशी परत बसा.

याने सगळं सुटेल असं मात्र नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्याने डोळे मिटून बसू नका. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, डॉक्टरांकडे जा किंवा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. त्यात कमीपणा काही नाही. भर दरबारात फारियाची जीभ अडकली, तेव्हा त्यालाही शेजारून कुणीतरी दोन शब्द बोलावेच लागले होते. बोलायचं मात्र त्यालाच होतं, आणि तो बोलला.