टॅपेटची टकटक आणि सोलापुरात जन्मलेला इंजिनवाला

मेकॅनिकलला असाल तर आयसी इंजिन लॅबमधलं ते एका सिलिंडरचं, उभं डिझेल इंजिन तुमच्या चांगलंच ओळखीचं असेल. पाटीवर किर्लोस्कर, मॉडेल बहुतेक टीव्ही-१. बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, मिनिटाला १५०० फेरे. व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ केलेले आकडे. करंज तेलाच्या बायोडिझेलचे कितीतरी प्रोजेक्ट याच इंजिनावर होतात. आणि मेकॅनिकलचा काही संबंध नसेल, पण घर करमाळा तालुक्यातल्या एखाद्या गावात असेल, तर आजोबांना विचारा. वीज यायच्या आधी विहिरीवर काय होतं? आधी मोट, मग इंजिन. असं इंजिन ज्यांनी आपल्याकडं बनवायचं ठरवलं, त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

शंतनुराव किर्लोस्कर. जन्म २८ मे १९०३, सोलापूर. वडील लक्ष्मणराव, आई राधाबाई. लक्ष्मणरावांची गोष्ट तुम्ही कुठंतरी ऐकलेली असते: मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेलेला मुलगा, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळला, बेळगावात सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर काढला. तो नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. १९१० मध्ये औंध संस्थानानं कारखान्यासाठी जागा दिली. निवडुंगानं भरलेलं ते माळरान म्हणजे आजची किर्लोस्करवाडी. शंतनु तेव्हा सात वर्षांचा. पुढं त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' नाव दिलं. तो निवडुंग त्यांनी लहानपणी खरोखर पाहिलेला होता.

शिकायला ते अमेरिकेत एमआयटीला गेले. १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि परत आले. कुठं? तर नांगर, चरक आणि शेंगा फोडायची यंत्रं बनवणाऱ्या एका खेड्यातल्या कारखान्यात. आज तुमच्या वर्गातला कुणी एमआयटीहून असा परत आला, तर गावात काय बोललं जाईल, कल्पना करा. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं. मंदीच्या काळात शेतीची अवजारं खपेनात तेव्हा त्यांनी लोखंडी फर्निचर काढलं. १९४१ मध्ये कर्नाटकातल्या हरिहरला लेथ बनवायचा कारखाना उभा राहिला. लेथ म्हणजे यंत्रं बनवणारं यंत्र. ते आपल्याकडं नसेल तर बाकी सगळं उसनंच.

आता इंजिनाकडं या. पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीत विसाच्या दशकापासून बनत होते. पण पंप स्वतः फिरत नाही, त्याला फिरवणारं काहीतरी लागतं. गावात वीज नाही, त्यामुळं मोटर नाही. राहिलं डिझेल इंजिन, आणि ते यायचं परदेशातून. १९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्यात, खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली, ब्रिटिश कंपनीच्या सहकार्यानं. त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटरींची कंपनी निघाली. म्हणजे वीज असो वा नसो, शेतकऱ्याच्या पंपाला काहीतरी मिळणार होतं.

नांगर आणि इंजिन यात फरक किती आहे, हे कळायला इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढून बघावं लागतं. नांगराचा फाळ मिलिमीटरभर इकडंतिकडं झाला तरी जमीन नांगरली जाते. इंजिनात तसं चालत नाही. कॅम फिरतो, तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. १५०० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो, सेकंदाला साडेबारा वेळा. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये मुद्दाम बारीकशी फट ठेवलेली असते, कारण दांडी तापली की लांबते. ती फट वाढली की रॉकर दर वेळी व्हॉल्व्हवर आपटतो. हीच ती टकटक. मळ्यातल्या इंजिनात आणि जुन्या कारच्या इंजिनात तिचं कारण एकच. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ही फट तेलाच्या दाबावर आपोआप भरून निघते. तिथं टकटक ऐकू आली तर आधी तेलाची पातळी बघा.

आवाज कुठला, हे ओळखणं हेच खरं कसब. जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचंच काम. टॅपेटचा आवाज हलका, कोरडा, एकसारखा आणि वरच्या बाजूला, रॉकरच्या झाकणापाशी स्पष्ट. तो इंजिनाच्या निम्म्या वेगानं येतो, कारण कॅम निम्म्या वेगानं फिरतो. बेअरिंगचा आवाज जड, खालून येणारा, लोड दिला की वाढणारा. तिसरा ठोका इंधनाचा. डिझेल बंद करा आणि इंजिन आपल्या गतीनं फिरत थांबेपर्यंत कान द्या. ठोका लगेच गेला तर तो जळण्याचा किंवा बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. टकटक शेवटच्या फेऱ्यापर्यंत येत राहिली, तर वर व्हॉल्व्हकडं बघा.

मग इंजिन गार होऊ द्यायचं, झाकण काढायचं आणि फ्लायव्हील हातानं फिरवून पिस्टन सगळ्यात वर आणायचा, तोही कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला. तेव्हा दोन्ही रॉकर बोटानं हलतात. दुसऱ्या फेऱ्याला पिस्टन वर येतो तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. तिथं फट मोजली तर सगळं चुकतं. फिलर गेजची पट्टी आत घालायची. ती किंचित अडत सरकली पाहिजे. किती जाडीची पट्टी, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, अंदाज करू नका. गंमत म्हणजे कधीकधी गेज बरोबर दाखवतं आणि टकटक तशीच राहते. रॉकरचं टोक झिजून त्यात खळगा पडलेला असतो. सरळ पट्टी खळग्यावरून जाते, त्याची खोली तिला कळत नाही. नाहीतर पुशरॉड वाकलेला असतो, किंवा स्प्रिंग तुटलेली.

आणि एक. आवाज जावा म्हणून फट बंद करून टाकणारेही असतात. इंजिन छान शांत होतं. पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, फटीतून जळता वायू सुटतो आणि काही दिवसांत व्हॉल्व्हची कड जळून जाते. पिकाला पाणी देण्याच्या ऐन वेळी इंजिन दाब धरेनासं होतं. करमाळ्यासारख्या पाऊस कमी असलेल्या तालुक्यात, उजनीचं पाणी येण्याआधीच्या काळात, विहीर भरलेली असूनही ज्वारी वाळायला एवढं कारण पुरेसं होतं. म्हणून या धंद्यात कारखान्याइतकंच महत्त्व तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीला आणि दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांना. परदेशी इंजिनाचा रॉकर गेला तर बोटीची वाट बघावी लागायची.

कंपनीला दोन वर्षं होत नाहीत तोच गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दंगलीत १९४८ मध्ये किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याची मोठी जाळपोळ झाली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे. वडिलांनी माळरानावर उभं केलेलं डोळ्यांदेखत जळालं, आणि मुलाची नवी कंपनी अजून धड उभी राहिलेली नव्हती. सगळं विकून मोकळं व्हावं, असं वाटण्याची हीच वेळ होती. कारखाना पुन्हा उभारला गेला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले, पण तोवर इंजिनांचं बस्तान बसलं होतं. पुढं ती परदेशातही विकली गेली. १९६२ मध्ये कमिन्सबरोबर पुण्यात कोथरूडला मोठ्या इंजिनांची कंपनी निघाली. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं.

शंतनुराव बोलायला मऊ नव्हते. नफा हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा त्या काळात ते उघडपणे नफ्याची बाजू मांडायचे, परवाने आणि नियंत्रणांवर टीका करायचे. त्यांची सगळी मतं तुम्हाला पटतील असं नाही, मलाही पटत नाहीत. पण हा माणूस शेतकऱ्याकडं गिऱ्हाईक म्हणून बघायचा. गिऱ्हाईकाला दया दाखवली की भागत नाही, त्याचं यंत्र चालावं लागतं. उतारवयात मुलगा चंद्रकांत त्यांच्या आधी गेला. नातवांना बरोबर घेऊन त्यांनी काम चालू ठेवलं. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ९१ पूर्ण व्हायला महिना उरला होता. २००३ मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

पुढच्या प्रॅक्टिकलला लॅब असिस्टंटची परवानगी घेऊन त्या टीव्ही-१ चं वरचं झाकण उघडून बघा. दोन रॉकर, दोन स्प्रिंगा, दोन लॉकनट दिसतील. परत बसवताना लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा एकदा मोजा, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.