अंड्यातून बाहेर आलेलं नाव

हळदीला बँजो पार्टी असो नाहीतर कॉलेजचं फेस्ट, 'अमर अकबर अँथनी'मधलं ते गाणं लागलं की सगळे नाचतात. टोप-हॅट घातलेला अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगतो. नाव अर्थातच तुम्हाला पाठ आहे. त्या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, हे मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, गोव्यातल्या माजोर्ड्याचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर. गोव्यात चर्चच्या शाळेतच मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे, त्यामुळे स्वरलिपी या मुलांना अक्षरांइतकीच सवयीची. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकर वादकांमध्ये अँथनीही होते. १९४३ मध्ये, म्हणजे आपल्या अकरावीच्या वयात, ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला लागले.

पुढे ते अरेंजर झाले. संगीतकार चाल देतो. पण व्हायोलिनचा ताफा कुठे उठेल, बासरी कुठे थांबेल, दोन ओळींच्या मधे काय वाजेल, हे कागदावर लिहून वादकांसमोर ठेवतो तो अरेंजर. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं. अरेंजरचं नाव बहुतेक वेळा कुठेच नाही. हा हिशोब तेव्हाही अन्यायाचाच होता, असं मला वाटतं.

वांद्र्याच्या घरी ते मुलांना शिकवायचे. त्यांच्याकडे येणाऱ्यांत एक होते प्यारेलाल शर्मा, एक राहुलदेव बर्मन. पुढचं सांगायला नकोच.

पण त्यांचं डोकं फिल्मी गाण्यांपुरतं थांबलेलं नव्हतं. मुंबईत त्यांना रागसंगीताचं वेड लागलं आणि एक अवघड प्रश्न पडला: राग ऑर्केस्ट्रात बसवायचा कसा? आपला राग एकाच सुरावटीतून उलगडत जातो. सिंफनी ऑर्केस्ट्रात एकाच वेळी अनेक सूर वाजतात, त्यांचे कॉर्ड बनतात. सारंग घ्या, म्हणजे सहसा वृंदावनी सारंग. गाण्याच्या क्लासला गेलेल्यांना माहीत आहे, यात ग आणि ध वर्ज्य. आणि पाश्चात्त्य संगीतातला घरचा, पहिला कॉर्डच मुळी सा-ग-प! म्हणजे पहिल्याच पावलाला राग मोडतो. मग रागातलेच सूर एकमेकांवर रचायचे, नाहीतर एका सुरावटीखाली दुसरी सुरावट चालवायची. अशा वाटेवर त्यांनी 'सोनातिना इंडियाना' आणि सारंग रागातला कॉन्चेर्तो लिहिला. नावं बघा, सोनातिना आणि कॉन्चेर्तो हे दोन्ही शब्द इटलीचे. विवाल्डीने व्हेनिसमध्ये अनाथ मुलींकडून वाजवून घेतलेला हा प्रकार, त्यात आता आपली दुपार भरायची होती.

१९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभराहून जास्त वादक बसले, आणि गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे. सीएसएमटीला उतरून चालत जाता येईल अशा ठिकाणी हे घडलंय. तिथला दगडी चौक आजही तसाच आहे. प्रयोग मात्र फार टिकला नाही.

१९६५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठाचं अनुदान मिळालं आणि ते अमेरिकेला गेले. परतल्यावर त्यांनी फिल्म इंडस्ट्रीत पाऊल ठेवलं नाही. माजोर्ड्याचं घर गाठलं आणि गप्प राहिले.

१९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला. आधी त्या पात्राचं आडनाव फर्नांडिस ठरलं होतं म्हणे. प्यारेलालनी आपल्या गुरूचं नाव सुचवलं. शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा ती, पण थिएटरात लोक हसले, नाचले आणि नाव एका विनोदी पात्राचं होऊन बसलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावावर सूर लिहिले, त्यांचं स्वतःचं नाव देशभर पोहोचलं ते असं, सुरांशिवाय.

नंतर अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ ला गोव्यातच ते गेले, वय ८४.