डॉक्टर लूसी विल्सबाई

इंग्लंडातील डॉक्टर लूसी विल्स ह्या १९२८ साली मुंबईस आल्या, तेव्हा गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक गरीब स्त्रिया गरोदरपणी पंडुरोगाने फिकट पडून मरत असत. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण अवाजवी मोठ्या दिसत. बाईंनी रोग्यांचे जेवण तपासून उणीव अन्नातच आहे असे ताडले, व त्यांस खमिराचा मार्माइट नावाचा अर्क दिला. गुण आला, १९३१ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. हा अर्क बियरच्या भट्टीत उरलेल्या खमिराचा! जेथून घरे बुडतात तेथूनच आयांचे प्राण वाचावे, ह्याचे आम्हांस नवल वाटते. त्यातील गुणकारी द्रव्य फोलिक ॲसिड होय. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पेशीतील डीएनए घडण्यास ते लागते. न मिळाल्यास पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. बाई १९६४ साली वारल्या. दवाखान्यांत गरोदर स्त्रियांस लोहाच्या ज्या गोळ्या देतात, त्यांत हेच द्रव्य घातलेले असते.