बाबासाहेबांचा मधुमेह आणि आपल्या हिरड्या

उंब्रजला माझा दातांचा दवाखाना आहे. साताऱ्याहून कराडकडे जाताना तारळी नदी लागते, ती इथेच पुढे कृष्णेला मिळते. चाफळ, तारळे, पाल, मसूर अशा चारी बाजूंनी माणसं येतात. निम्म्याहून अधिक जणांची तक्रार एकच असते. दात हलतोय, काढून टाका. किडलेला नसतो, दुखत नसतो, नुसता हलतो. मी हिरडी तपासतो आणि विचारतो, रक्तातली साखर कधी बघितली होती? की लगेच कपाळाला आठी. दात दाखवायला आलो तर हा रक्त कशाला काढायला लावतो, असा भाव चेहऱ्यावर उमटतो.

अशा वेळी मी त्यांना बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगतो. संविधान आणि चवदार तळं सगळ्यांना ठाऊक असतं. मी सांगतो ती त्यांच्या शरीराची गोष्ट. ती सांगायला मला लांब जावं लागत नाही, कारण तिचा एक तुकडा आमच्या शेजारी, मसूरच्या स्टेशनावर घडलेला आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पुढे कुटुंब साताऱ्याला आलं. आई भीमाबाई तिथेच वारल्या, भीमराव तेव्हा अगदी लहान होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव घातलं गेलं. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. गावात न्हावी होते, द्यायला पैसे होते, पण या मुलांच्या केसांना कुणी हात लावत नसे. घरी मोठी बहीण केस कापायची.

१९०१च्या सुमारास वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खणला जात होता. सुट्टीत या, असं त्यांचं पत्र आलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं असा थाट करून नऊ वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि दोन भाचे गाडीने मसूरला उतरले. आपण येत असल्याचं पत्र त्यांनी धाडलं होतं, पण वडिलांच्या शिपायाने ते दिलंच नाही. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरांनी आधी मायेने चौकशी केली. पोरं महाराची आहेत कळल्यावर ते मागे सरले. एकही बैलगाडीवाला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार. शिदोरी होती, पाणी नव्हतं. वाटेतल्या नदीचं पाणी चिखल आणि शेणाने घाण झालेलं. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचले. गाडीवाल्याने शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. ती पोरं तशीच उपाशीतापाशी, कोरड्या घशाने झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गोरेगावला पोचली.

उंब्रजहून कृष्णेचा पूल ओलांडला की मसूर. त्या रस्त्याने मी अनेकदा जातो आणि दर वेळी ही रात्र आठवते.

बाबासाहेब जन्मले त्याच १८९१ साली विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने एक निबंध छापला. तोंडातले जंतू शरीरात इतरत्र जाऊन आजार निर्माण करू शकतात, अशी त्याची मांडणी होती. कल्पनेत दम होता, पण पुढच्या लोकांनी तिचा अतिरेक केला. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्या वर्षांत अमेरिकेत संधिवातापासून वेडेपणापर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात सरसकट उपटले जात होते. हे खूळ ओसरायला काही दशकं लागली. त्याची प्रतिक्रिया म्हणून मग तोंड म्हणजे जणू शरीराबाहेरची वस्तू, असं डॉक्टरही वागू लागले. आजही आपल्याकडे रुग्णाची जीभ बघतात, हिरडी फारसं कुणी बघत नाही.

लंडनमध्ये १९२० ते १९२३ ही वर्षं बाबासाहेबांनी अर्धपोटी काढली. सकाळी पाव, रात्री भाजलेला पापड, आणि मधला सगळा दिवस ग्रंथालयात. याच काळात, १९२१ साली, टोरोंटोला इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२मध्ये ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. पंचवीस वर्षांनी हेच औषध त्यांच्या उशाशी असणार होतं.

मधला काळ सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर जातो. १९२७ महाड, १९३० काळाराम मंदिर, गोलमेज परिषदा, १९३२चा पुणे करार. १९३५मध्ये रमाबाई गेल्या. ऑगस्ट १९४७मध्ये ते कायदेमंत्री झाले आणि मसुदा समितीचे अध्यक्ष. समितीत सात जण होते, पण कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी दूर राहिलं, आणि मोठा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला. नेमक्या याच काळात मधुमेहाने त्यांना ग्रासलं होतं. पायांत असह्य कळा, रात्र रात्र झोप नाही. साखर फार काळ चढी राहिली की नसा अशा दुखावतात. मुंबईत उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांनी लग्न केलं. त्या पुढे सविता आंबेडकर झाल्या. प्रकृतीची देखभाल हे या लग्नामागचं एक उघड कारण होतं.

तेव्हा घरी साखर मोजण्याचं यंत्र नव्हतं. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी टाकून उकळायची. रंग निळा राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला तर साखर जास्त. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी तर बरीच नंतरची. अशा अंदाजाच्या जोरावर हा माणूस दिवसाचे तासन् तास संविधान सभेत उभा राहून प्रश्नांना उत्तरं देत होता.

मी त्यांच्या दातांची गोष्ट सांगत नाही. पण मधुमेह म्हटलं की मला आधी हिरडी दिसते, ती का ते सांगतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते, निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल. तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, तो घट्ट होऊन कीटण बनतं. हिरडी सुजते, ब्रशला रक्त लागतं. इथवरचं सगळं भरून येतं. दुर्लक्ष झालं तर खाच खोल होते आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळू लागतं. हाच पायरिया. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. आणि दुखत नाही, हीच त्यातली खरी फसवणूक. सगळ्या दातांभोवतीची सुजलेली आतली बाजू पसरून मांडली तर कित्येक चौरस सेंटीमीटरची जखम भरेल. तेवढी जखम पायावर असती तर कुणी वर्षभर तसं हिंडलं असतं का?

साखर चढी असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी ढिल्या पडतात, लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि पायरिया जोर धरतो. उलट, हिरडीतल्या सुजेमुळे रक्तात जी रसायनं उतरतात त्यांनी इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर आणखी चढते. हे दोघं एकमेकांना खतपाणी घालतात. १९९३ साली हॅराल्ड लो या शास्त्रज्ञाने पायरियाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या पंगतीला आणून बसवलं. नीट खोल साफसफाई केली तर मधुमेह्याची तीन महिन्यांची साखर सरासरी पाव ते अर्धा टक्का उतरते, असं आढळलं आहे. हे औषधाला पर्याय नाही, पण फुकट मिळालेली मदत आहे. हृदयविकाराशीही पायरियाचा संबंध दिसतो. मात्र हिरड्या बऱ्या केल्या की झटका टळतो, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका, तसं सिद्ध झालेलं नाही. मिलरनंतरच्या लोकांची चूक आपण पुन्हा का करायची?

आमच्या भागात त्यात मिश्रीची भर. बायाबापड्या सकाळ-संध्याकाळ भाजलेली तंबाखू हिरडीवर घासतात. त्याने हिरडी सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि कॅन्सरचा धोका वेगळाच.

बाबासाहेबांनी मसूरची हकीगत स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याच लेखनात काठेवाडातल्या एका शाळामास्तराची हकीगत आहे, ती १९२९ साली छापून आली होती. मास्तराची बायको बाळंतपणानंतर तापाने फणफणली. डॉक्टर आला, पण वस्तीत शिरेना. बाईला बाहेर आणवलं. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने मास्तराला, मास्तराने बायकोला. परत आला तोही याच वाटेने. न्यूमोनिया म्हणून औषध दिलं. पुन्हा बघायला तो आला नाही आणि बाई गेली.

माझा धंदा म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालणं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसता बसून होतो. मी शिकलो आणि माझं नाव नोंदलं गेलं ते १९४८च्या दंतवैद्यक कायद्याखाली. तो झाला तेव्हा देशाचे कायदेमंत्री बाबासाहेब होते.

शेवटची वर्षं कठीण गेली. नजर मंदावली, चालताना कुणाच्या तरी खांद्याचा आधार लागायचा. तसेच ते १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षेसाठी उभे राहिले, नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले. ५ डिसेंबरच्या रात्री आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर हात फिरवला आणि त्याच रात्री झोपेत, दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरी, प्राण गेला. वय पासष्ट.

काही वर्षांपूर्वी मसूरकडच्या वस्तीवरची एक म्हातारी आली होती. समोरचे दोन दात हलत होते, हिरडीतून पू. सारखी तहान लागते, म्हणाली. तपासलं तर साखर तीनशेच्या वर. तोवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. कराडला फिजिशियनकडे पाठवलं, औषधं सुरू झाली. मग मी चार बैठकांत हिरड्या साफ केल्या. पहिल्या बैठकीत चूळ भरायला पेला पुढे केला तर तिने घेतला नाही. या पेल्याला तोंड लावलेलं चालेल का, असं तिने हळूच विचारलं आणि पिशवीतून स्वतःचा तांब्या काढला. मी पेला तिच्या हातात दिला. तिने चूळ भरली.

ते दोन दात गेले. बाकीचे टिकले आहेत, साखरही आटोक्यात आहे. दर सहा महिन्यांनी ती एसटीने येते. पेला घेते. तांब्या मात्र अजून पिशवीत असतो.