पिवळ्या कंठाची चिमणी

अंगणातील चिमणी ओळखण्यासाठी कोणालाही पुस्तक उघडावे लागत नाही. परंतु चिमणीसारखाच दिसणारा एखादा वेगळा पक्षी समोर आला, तर आपण संभ्रमात पडतो. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या जीवनकार्याचा आरंभ अशाच एका संभ्रमातून झाला.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने सालिमने एकदा एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखविले. घरचिमणीच्या पाठीवर गडद रेघा असतात. रानचिमणीची पाठ मात्र साधी, राखट तपकिरी असते. तिच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात, चोच अधिक निमुळती असते आणि ती झाडांच्या ढोलीत घरटे करते. असे बारकावे पाहिले, की सारखे वाटणारे पक्षीही वेगळे दिसू लागतात. त्या दिवशी त्या मुलाला जणू नवी दृष्टी लाभली.

पुढची वाट सोपी नव्हती. सालिम अलींनी विद्यापीठाची पदवी मिळविली नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही. तरीही ते खचले नाहीत. बर्लिनला जाऊन त्यांनी प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला. १९३० मध्ये परतल्यावर नोकरी नव्हती. तेव्हा अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. सुगरणीची मादी प्रथमदर्शनी चिमणीच वाटते. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखते आणि तिने पसंत केल्यावरच नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो. हे सारे त्यांनी बारकाईने नोंदविले.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांविषयीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात पक्ष्यांचे आकारमान चिमणी, बुलबुल, मैना अशा परिचित पक्ष्यांच्या तुलनेत दिले आहे. त्यामुळे सामान्य वाचकालाही अनोळखी पक्षी ओळखणे सुलभ झाले. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्याला ठाऊक नाही, हे मान्य करून जाणकाराकडे जाण्यात कमीपणा नसतो. एका लहान मुलाने पिवळ्या ठिपक्याविषयी प्रश्न विचारला, म्हणूनच भारताला हा पक्षिमित्र लाभला.